पाटीपाशी

तुम्ही सगळे चांदणी घोडीला नावं ठेवता, म्हणून सांगतो. चूक माझी होती.

मी अकोल्याच्या ज्या तबेल्यात घोड्यांचं दाणापाणी बघतो, तिथं पातूरची पूर्वा ड्रेसाज, म्हणजे घोड्याला इशाऱ्यावर शिस्तीत चालवायचा खेळ, शिकते. त्यात मैदानाच्या कडेनं अक्षरांच्या पाट्या असतात. स्वार पाटीसमोर आला की घोड्यानं दुडकी सोडून संथ चालायचं, नेमकं तिथंच. सरावात मी पाटीजवळ उभा राहून हळूच "होऽ बाई" म्हणायचो. चांदणी लगेच चालू लागायची. पूर्वाला वाटे, हे आपल्या लगामानं झालं. पोरगी हसायची. मला बरं वाटायचं, मी काही बोललो नाही.

अमरावतीला निवड चाचणी होती. बाहेरून कुणी आवाज दिला तर स्वार बाद. पहिल्या पाटीला पूर्वानं लगाम धरला, पण घोडी माझ्याकडं कान करून चार पावलं पुढं गेली. दुसऱ्या पाटीलाही तेच. मग मी पाठ फिरवली आणि घोडी आणलेल्या गाडीमागं जाऊन उभा राहिलो.

थोड्या वेळानं पूर्वा घोडी घेऊन आली.

"काका, शेवटी पाटीसमोरच दुडकी सोडली तिनं! तुमी पाह्यलं काय?"

"नाई."

"काहून?"

मी सगळं सांगितलं. निवड तर हुकलीच होती. ती बराच वेळ घोडीची मान थोपटत राहिली.

"उद्यापासून सरावाले मैदानावर येऊ नका, काका," ती म्हणाली. "मले तिच्यासंग बोलाले शिकू द्या."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.