नाव नसलेली पट्टी

वडीलधाऱ्या मंडळींनो, आणि डॉक्टरांच्या पत्नी, आमच्या बाई,

मला सभेत बोलायची सवय नाही. लिहून आणले आहे, तेच वाचतो. सांभाळून घ्या.

मी दगडू. साळवे डॉक्टरांच्या दवाखान्यात हृदयाच्या यंत्रावर मदतनीस आहे. शाळा पाचवीपर्यंतच झाली. यंत्र डॉक्टरांनी शिकवले. फडकी मिठाच्या पाण्यात भिजवायची, दोन हातांना आणि डाव्या पायाला तारा बांधायच्या, ठोक्यांच्या रेघा उमटलेली फिल्मची पट्टी अंधाऱ्या खोलीत धुवायची, तिच्यावर रोग्याचे नाव लिहायचे. डॉक्टर म्हणायचे, तुझे ऱ्हस्वदीर्घ माझ्यापेक्षा बरे आहेत.

श्रीगोंद्याच्या एका आजोबांनी विचारले होते, "सायब, दुखतंय छातीत, तार पायाला कशापाई?"

डॉक्टर म्हणाले, "आजोबा, हृदयाला सगळ्या बाजूंनी विचारावं लागतं. एकाच बाजूनं विचारलं तर ते लपवतं."

मंडळी, गेल्या सोमवारी सकाळी डॉक्टर स्वतः यंत्राशेजारच्या खाटेवर निजले. छातीत जळजळतंय, पित्त असेल, पण पट्टी काढ, म्हणाले. त्यांचे हात घामाने गार होते. धुतलेली पट्टी त्यांनी खिडकीपाशी धरली. पहिल्या ओळीवरून बोट पुढे गेले. दुसरीवर थांबले. तिसरीवर थांबले. मी म्हणालो, साहेब, तारा उलट लागल्या असतील. देवा, माझीच चूक असू दे, असे मनात म्हणत पुन्हा काढली. तशीच आली.

"तारा बरोबर आहेत, दगडू. हृदयाची मागची भिंत दुखावली आहे."

असा झटका आलेला रोगी आला की ते त्याला सहा आठवडे उठू देत नसत. पाणीसुद्धा निजूनच पाजायला लावत. पण राहात्याला एक बाई बाळंतपणात अडली होती, आणि जवळपास दुसरा डॉक्टर नव्हता. बूट घालता घालता म्हणाले, "पट्टीवर नाव लिहू नकोस. घरीही बोलू नकोस."

मी नाव लिहिले नाही.

बाई, तुम्ही फाटकात मला विचारलेत, यांचा चेहरा असा का दिसतो? मी म्हणालो, जागरण झाले असेल. मोटार तेव्हा सुरूही झाली नव्हती. तुम्ही त्यांना अडवले असते.

राहात्याची बाई वाचली, मूल वाचले. डॉक्टर परतताना मोटारीतच वारले. मी आज्ञा पाळली, की त्यांना मारले? कोणाला विचारू? ज्यांना विचारायचे, ते गेले. मला फार भीती वाटते.

आता आपण दोन मिनिटे उभे राहू या. सर्वांनी डोळे मिटावेत. मी मिटणार नाही. मी बाईंकडे पाहत उभा राहीन. बाई, मी इथे नको म्हणून तुम्ही नुसती मान हलवलीत, तरी मी बाहेर जाईन.