राहत्या घराची सवलत

नाही, पण तुम्हीच सांगा, माणूस स्वतःच्या घरात राहतो हे त्यानं सिद्ध कसं करायचं? तिथं जेवतो, झोपतो, बायकोची बोलणी खातो... अजून काय करायचं? तुम्हाला सांगतो, इथं तमिळ मुलखात, कुंभकोणमला आमच्या कैक पिढ्या गेल्या, पण असला प्रश्न कोणी विचारला नव्हता हो! यंदा घरपट्टी अशी चढली की मी, व्यासराज, केमिस्ट्रीचा रिटायर्ड लेक्चरर, बिल उलटं धरून पाहिलं, म्हटलं उलटं तरी कमी दिसेल!

गेलो टॅक्सच्या खिडकीवर. आत एक हसतमुख बाई. ‘सार्, तुमचं घर भाड्याचं म्हणून लागलंय. मालक स्वतः राहतो म्हणून लावून घ्या, कर उतरेल. रोंब सिंपल, सार्!’ म्हणजे अगदी सोपं! म्हटलं, मग लावा की! ‘मालक कोण?’ वडील. ‘ते राहतात तिथं?’ अहो, ते वारले! ‘मग मालक राहत नाहीत, सार्.’

आता काय करू? वडिलांना घेऊन येऊ?

बाई म्हणाल्या, ‘मुलांच्या नावावर करा. सगळ्या भावांच्या सह्या आणा. रोंब सिंपल!’ आणि तिथंच घोडं अडलं. कारण सगळे भाऊ म्हणजे एकोजी. माझा धाकटा. राहतो कुठं? दारासुरम्‌ला, टाउन बसनं गेलं तर तिकीट काढून होईतो उतरायची वेळ. पण आई गेली, तिचा झोपाळा कोणाकडे जायचा यावरून आमची जुंपली, आणि त्यानंतर आम्ही बोललोच नाही हो! दोघांचे केस पिकले. एका झोपाळ्यापायी!

गेलो. करतो काय? अंबाबाईनं, त्याच्या बायकोनं, दार उघडलं आणि आत ओरडली, ‘अहो, अण्णा आलेत!’ आतून एकोजीचा आवाज, ‘कोण गेलं?’ म्हणजे बघा, कोणी मेल्याशिवाय मी यायचा नाही, एवढी खात्री! मी म्हटलं, ‘कोणी नाही रे, टॅक्स वाढलाय.’ तो बाहेर आला, माझ्याकडे बघत राहिला, म्हणाला, ‘अण्णा, किती वाळलास रे...’ आणि मग काय, दोघं म्हातारे ढसाढसा! अंबाबाईनं कॉफी आणली ती तशीच गार झाली. सही? सही तर त्यानं न वाचताच केली!

तरंगत खिडकीवर गेलो. बाईंनी पाहिलं, हसल्या. ‘सार्, अर्धं घर भावाचं झालं ना? भाऊ तिथं राहत नाहीत. म्हणजे सवलत अर्धीच.’ अय्यय्यो! हे मी एकोजीला सांगितलं, तर तो म्हणतो कसा, ‘एवढंच ना? मी येतो राहायला! रोंब सिंपल!’ आता यालाही तोच आजार!

आला. अंबाबाई आली, कपाटं आली, आणि तुम्हाला सांगतो, त्याची होमिओपथीच्या बाटल्यांची पेटी आली! बँकेतून रिटायर झाल्यापासून हा लोकांना फुकट गोळ्या देतो. पुढच्या खोलीत बसला आणि बाहेर ठोकली पाटी! माझी बायको विजयलक्ष्मी म्हणाली, ‘घर कसं भरल्यासारखं वाटतंय, नाही?’ वाटणारच! ओसरीवर सारा गाव खोकत बसलेला!

आणि नेमका तेव्हा तपासायला टॅक्सचा इन्स्पेक्टर आला. भला माणूस. पाटी वाचली, आत गेला, मान दुखते म्हणून गोळ्या घेतल्या, एकोजीला नमस्कार केला आणि जाता जाता मला म्हणाला, ‘सार्, इथं दवाखाना आहे. घर आता व्यापारी दरात.’ म्हटलं, अहो, तो एक पैसा घेत नाही! तर म्हणतो, ‘फुकट असला तरी दवाखानाच ना, सार्?’ भाड्याचा दर बरा म्हणायची वेळ आली हो!

मग मी एकोजीला जपून, अगदी गोड आवाजात म्हटलं, ‘पाटी तेवढी काढू या का रे?’ झालं! ‘म्हणजे मी इथं नकोच आहे तुला!’ मी म्हटलं, ‘तसं नाही रे...’ ‘तसंच आहे!’ मग मीही चढलो, नको ते बोललो. त्या संध्याकाळपासून अबोला. पूर्वी निदान मधे बसचा रस्ता होता, आता मधे एक भिंत. तो खाकरला तरी मला ऐकू येतं. परत जा म्हणावं तर जीभ रेटत नाही, राहा म्हणावं तरी रेटत नाही... आणि तोही जात नाही. आमचे निरोप इकडून तिकडे नेऊन विजयलक्ष्मी आणि अंबाबाई, दोघींचे पाय दुखायला लागलेत.

कर भरला. व्यापारी दरानं, सगळा. पावती आली, तिच्यावर ‘व्यासराज व एकोजी’ असं शेजारी शेजारी छापलंय. बघणाऱ्याला वाटावं, काय गोडी आहे हो या भावांत!