गोकर्णाच्या दाढेची पंगत

टाळ जरा खाली ठेवा मंडळी! पखवाजवाले बुवा, तुम्हीही हात पुसा, घोटभर पाणी प्या. मला तुम्हाला एक विचारायचंय, अन् ते सकाळपासून मला धड बसू देत नाही.

दान कुणाचं?

'ज्यानं दिलं त्याचं! सोपं आहे, पुढं चला महाराज!' थांबा हो, एवढी घाई कशाची? देणाऱ्यानं दुसऱ्याचं उचलून दिलं असेल तर? 'मग ती चोरी!' बरोबर. अन् तो दुसरा म्हणजे त्याच्याच घरातलं माणूस असेल तर? — का? आता का गप्प झालात? मघाशी तर मोठ्यानं बोलत होता!

तर ऐका. गावाचं नाव सांगत नाही. उगाच शेजाऱ्याच्या तोंडाकडं बघू नका!

एक होता केरबा. तीन एकर कोरडवाहू, एक म्हैस, एक म्हातारी आई चतुराबाई, अन् बायको गोकर्णा. तुम्हाला वाटलं असेल, आता महाराज सांगणार केरबा दारू प्यायचा, बायकोला मारायचा. अजिबात नाही! माळकरी माणूस! सुपारीचं खांड तोंडात नाही. मी दारुड्याची गोष्ट सांगितली असती तर तुम्ही सगळे निवांत मांडी घालून ऐकली असती. म्हणूनच सांगत नाही.

सरकारची योजना आली. दर महिन्याला बाईच्या नावावर पैसे, थेट बाईच्या खात्यात. मधे कोणी नाही! गोकर्णाचं खातं निघालं. साहेबानं विचारलं, "बाई, मोबाईल नंबर?" अन् ती बाई काय म्हणाली? सांगा, माझ्या मायमाउल्यांनो, तुम्ही काय म्हणाला होता? "मालकाचा घ्या!" झालं! नाव तिचं, अंगठा तिचा, अन् टिंग वाजतं कुणाच्या खिशात? केरबाच्या!

पहिली तारीख उलटली की घराला चैन नाही बघा. केरबा धार काढताना फोन बघतोय, वैरण टाकताना फोन बघतोय. म्हशीनं लाथ मारली तरी ह्याचं लक्ष फोनवर! शेजारच्या आळीत कुणाचे तरी आले म्हणे, मग आपले का नाहीत? उन्हात उभा राहतो, रेंज बघतो, घरात येतो, परत बाहेर जातो. अन् चतुराबाईचं दुसरंच काहूर. त्या घरची रीत अशी की पैसा आला, मग तो कापसाचा असो की दुधाचा, आधी देवापुढं ठेवायचा. हळदकुंकू वाहायचं, एक रात्र तिथंच राहू द्यायचा, मग हात लावायचा. म्हातारी रोज विचारायची, "आरं, सुनंचा पैका आला म्हंतूस, मंग देवापुढं का न्हाई आला?"

"माय, तो खात्यात येतो."

"मंग खर्च कसा झाला?"

"खात्यातूनच गेला."

"उंबऱ्यातून आला न्हाई, उंबऱ्यातून गेला न्हाई! पैका हाय का भूत हाय?"

हसताय? हसा. म्हातारीला अडाणी म्हणा. पण सांगा बरं, तिच्या प्रश्नाचं उत्तर कुणाजवळ आहे?

आता मुद्द्यावर येतो. गोकर्णाची दाढ दुखायला लागली. वरची नव्हे, खालची, मागची. दाढ दुखली की माणूस कसा होतो? उभं राहवत नाही, बसवत नाही. भाकरी एका बाजूनं चावायची, लवंग दाबायची, मिश्री दाबायची, अन् गाल धरून निंदायला जायचं. ती म्हणाली, "अवं, ह्या महिन्याचं माझ्या दाढेला ठिवा. तालुक्याला जाऊन काढून येते."

केरबा काय म्हणाला? "देतो की! तुझेच तर हायेत!"

अहो, तिचेच आहेत तर तू देतोस कसा? — पण हे त्याला सुचलं नाही, तिलाही सुचलं नाही. पहिल्या महिन्यात मोटारीची वायर जळाली. घरासाठीच की! दुसऱ्या महिन्यात पेंड आणली. घरासाठीच! तिसऱ्या महिन्यात पावण्याचं लग्न निघालं, आहेर करावा लागला. घराचीच अब्रू! घर, घर, घर! अन् ती दाढ काय शेजाऱ्याची होती का?

चौथ्या महिन्यात गाल सुजला. ताप भरला. तोंड दोन बोटं उघडेना. केरबा घाबरला बरं का, दगड नव्हता तो. म्हणाला, "उद्या नक्की, पैसे आज यायचेच हायेत. तू एसटीच्या थांब्यावर हो पुढं, मी पैसे काढून आलोच."

अन् त्याच दिवशी, मंडळी, गावात सप्ताह चालू! दिवे लागायच्या वेळी पाराजवळ कमिटीचे सोपानतात्या केरबाला म्हणाले, "केरबा, उद्याच्या बुंदीची साखर कुणाकडं लिहू?" चार माणसं बघतायत. तेवढ्यात खिशात टिंग! पैसे आले! आता सांगा, देवाचा कौलच मिळाला की! केरबानं फोन काढला, कमिटीच्या क्यूआर-कोडच्या पाटीवर धरला, अन् पैसे गेले! मनात म्हणाला, दाढेचं सकाळी कुणाकडून तरी हातउसनं घेऊ.

सकाळ झाली. चार दारं फिरला. पेरणीच्या तोंडावर उसनं कोण देतो? मग थांब्यावर जायची लाज वाटली. गेला मंडपात! बादल्या उचल, पाणी भर, पत्रावळ्या मांड. एका जागी पाय ठरेना. अन् तिकडं गोकर्णा, लग्नातलं लुगडं नेसून, पदर गालाला लावून थांब्यावर बसलेली. एसटी आली. गेली. दुसरी आली. ती उभी राहिली, परत बसली.

तेवढ्यात भोंगा वाजला — "आजच्या बुंदीची साखर, माळकरी सद्गृहस्थ केरबा यांच्याकडून!"

पांडुरंगा!

ती उठली. रडली नाही. घराकडं गेली नाही. सरळ मंडपात आली अन् बायकांच्या पंगतीत सासूशेजारी बसली. पत्रावळीवर बुंदी पडली. पिवळीधमक, पाक निथळणारी. तिनं एक कळी उचलून ओठाशी नेली. तोंड उघडेना! स्वतःच्या पैशाची साखर पुढ्यात, अन् जबडा बंद! माझ्याच्यानं हे सांगवत नाही हो.

चतुराबाईनं ते बघितलं. अन् म्हातारी उठली! पंगत चालू असताना! वाढपी जागच्या जागी थांबले. केरबा बादली टाकून धावत आला. "माय, खाली बस! पंगत मोडू नगं! देवाचं अन्न हाय!"

"कुणी दिलं देवाला?"

"मी दिलं! आपल्या घरानं दिलं!"

"आपल्या घरात हा पैका आलाच न्हाई, केरबा! मी उंबऱ्यावर बसून असते, मला दिसला असता. तू साखर न्हाई दिलीस. सुनंची दाढ दिलीस!"

सोपानतात्या हात जोडून म्हणाले, "आज्जी, दान दिलेलं परत मागत नसतात."

तेव्हा गोकर्णानं आपली पत्रावळ उचलली. नवऱ्यापुढं धरली. दातावर दात तसेच ठेवून, एकेक शब्द ओढून म्हणाली, "तुमी खा. साऱ्यांदेखत खा."

खाईल? तुम्ही खाल? — केरबा पत्रावळीपुढं खाली बसला. भर मंडपात रडला. खिशातला फोन काढून तिच्यापुढं धरला. ती म्हणाली, "फोन मंग. आधी गाडी."

बघा, बाईला काय हवं होतं ते बाईलाच ठाऊक! ज्या टेम्पोनं साखर आणली, त्याच टेम्पोत सोपानतात्यांनी तिला बसवलं अन् साखरेचे पैसे सासूच्या मुठीत ठेवले. म्हणाले, "पांडुरंग एक दिवस अगोड जेवंल." डॉक्टर म्हणाला, सूज गळ्याकडं उतरत होती, आणखी उशीर केला असता तर श्वास कोंडला असता. दाढ निघाली. बाई वाचली.

आता त्या घरात एकच फोन आहे, अन् तो गोकर्णाच्या पिशवीत असतो. केरबा विचारतो, "मेसेज आला का गं?" ती म्हणते, "आला." एवढंच! अन् पुढच्या महिन्यात तिनं काय आणलं? म्हशीला पेंड! तुम्ही म्हणाल, 'मग महाराज, फरक काय पडला? पैसा घरातच गेला की!'

फरक विचारता मला? मला नका विचारू. घरी जा, अन् तिला विचारा. 'तुझ्या पैशाचं तुला काय करायचंय?' एवढंच. ती म्हणेल, 'काही नाही, तुम्हीच बघा.' तिथं उठायचं नाही! सुटलो म्हणायचं नाही! खाली बसायचं, अन् परत विचारायचं. तिला उत्तर द्यायची सवय नाही, कारण आपल्याला विचारायची सवय नाही.

आता आरतीचं ताट फिरेल. ज्यानं घरी अजून विचारलेलं नाही, त्यानं आज ताटात काही टाकू नये. नुसता नमस्कार करावा. माझ्या बिदागीची काळजी नको, अन् देवाचीही नको. देव थांबतो हो. दाढ थांबत नाही.