भिंगताईंनी अडवलेली सही

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपले मालक. व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे. आजच्या सत्कारमूर्ती भिंगताई. आणि जेवणाच्या टेबलांकडे एक डोळा ठेवून बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो!

भाषण हा काही माझा प्रांत नव्हे. मी इथे वाइनची चव तपासते. काम जिभेचंच, पण बोलायचं नाही. पाहुण्यांसाठी सांगते, ताई लेबलं तपासतात. गळ्यात भिंग, हातात लाल पेन्सिल. त्यांची सही झाल्याशिवाय एकही लेबल बाटलीला चिकटत नाही.

त्या लेबलाच्या तळाशी एक ओळ असते: ‘गरोदरपणात मद्यपान केल्यास बाळाला धोका.’ मी ती रोज पाहायची. वाचली कधी? दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

दहा वर्षांपूर्वी मला दिवस गेले. मी कुणाला बोलले नाही. ऐन हंगाम, आणि चव तपासणारी मी एकटी. नोकरी गेली तर? पण ताईंच्या नजरेतून काय सुटतंय! हात धुताना त्यांनी मला गाठलंच.

“कितवा महिना?”

“दुसरा. पण ताई, मी घोट थुंकून टाकते हो.”

“सगळा थुंकला जातो का गं? डॉक्टरांना विचारलंस?”

त्याच संध्याकाळी विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “इतकी चालेल असं कुणीच सांगू शकत नाही. आजपासून बंद. झालं त्याचा घोर मात्र लावून घेऊ नका.”

मी मालकांकडे गेले. ते म्हणाले, (आत्ता हसताहेत, म्हणून सांगायचं धाडस करते) “हंगामभर कळ काढा, नाहीतर मला दुसरं माणूस बघावं लागेल.”

हे ताईंच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी लेबलांचा गठ्ठा सहीविना पडून. यंत्र बंद. मालक तरातरा आले. “चूक कुठे आहे?”

“छपाईत नाही, साहेब. जगाला आपण ही ओळ सांगायची आणि आपल्याच पोरीच्या हातात रोज पेला द्यायचा? मग ही ओळ खोटी. खोट्यावर मी सही करत नाही.”

दुपारी मालकांनी स्वतः पेला उचलला. त्या हंगामाची चव त्यांनी तपासली. ती वाइन कशी झाली, हा विषय आज नको! मी ताईंशेजारी लेबलं तपासायला बसले, आणि माझी जागा माझ्यासाठी तशीच राहिली.

ती बघा, तिसऱ्या रांगेत माझी लेक. ताईंचं जुनं भिंग घेऊन तुमच्या सगळ्यांच्या नाकांची तपासणी चालली आहे. तिच्याकडे पाहिलं की ताई, मला तुमची ती न झालेली सही आठवते. फार ऋणी आहे मी तुमची.

मालक, तुम्ही मघापासून माझ्या भरलेल्या पेल्याकडे बघताय. वाइन उत्तमच असणार. पण मी ती चाखलेली नाही, आणि पुढचे काही महिने चाखणारही नाही.

अहो, टाळ्या नंतर! ताई, तुम्ही डोळे पुसा आधी. मागच्या वेळी लपवलं होतं, या वेळी भरसभेत सांगतेय.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मनापासून आभार. काही चुकलंमाकलं असेल तर पोटात घाला. आणि मालक, सोमवारपासून पेला पुन्हा तुमच्याकडे!