पोथीनंतर फिजिक्स

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या शिक्षण संस्थेचेही अध्यक्ष माननीय उकंडराव, शेजारी बसलेले प्राचार्य महोदय, आमच्या महिला भजनी मंडळाच्या प्रमुख सत्यभामाबाई, समोर बसलेल्या सगळ्या बाया, आणि चहाच्या वासाने मागच्या दारापाशी उभी राहिलेली पुरुष मंडळी, सर्वांना माझा नमस्कार. आत या, चहाला वेळ आहे.

सत्कारमूर्ती सौ. पुष्पांजली माझी सून. सासूने सुनेविषयी चांगलं बोलायचं, तेही माईकवर, हा आपल्या देऊळगाव राजात पहिलाच प्रसंग असावा. मी दहावी पास. मंडळाचा जमाखर्च लिहिते, भाषण लिहायची सवय नाही. म्हणून जसं झालं तसंच सांगते.

पुष्पांजलीने अकरा वर्षं आठवी ते दहावीला विज्ञान शिकवलं. एम.एस्सी. झालेली बाई, पण वरच्या वर्गाची जागाच निघत नव्हती. यंदा संस्थेने अकरावी-बारावीच्या फिजिक्सची जागा काढली. निवड समितीपुढे, भरल्या वर्गात, वीस मिनिटांचा पाठ घ्यायचा होता. त्याच वेळी संभाजीनगरच्या एका खासगी क्लासवाल्यांनीही तिला बोलावलं होतं. ती मला म्हणाली, "आई, इथे झालं नाही तर मी तिकडे जाईन. आता थांबत नाही." तिच्यामागे माझा गोकुळ जाणार, नात जाणार. घरात उरणार कोण? मी आणि आमचे हे. हे तर पेपर वाचताना बोलतही नाहीत.

तर पाठाचा सराव. भिंतीपुढे शिकवून वर्ग सांभाळता येतो का? ऐकायला माणसं पाहिजेत. मी म्हटलं, दुपारी तीनला मंडळाची पोथी असते, एकवीस दिवस तीस बाया आयत्या बसलेल्या असतात. पोथीनंतर अर्धा तास तुझा. सत्यभामाबाई म्हणाल्या, "शिकव वो माय. मले समजो न समजो, कानावर तं पडन."

पण आमच्या बायांना ऐकायची एकच रीत माहीत. पहिल्याच दिवशी बारावीच्या पुस्तकाला हळद-कुंकू लागलं. एकीने फूल वाहिलं, एकीने दहा रुपये ठेवले. तिसऱ्या दिवशी वेळ झाली म्हणून पुष्पांजली मध्येच थांबली, तर बाया उठेनात. "अध्याय अर्धा ठेवत असतात का?" धड्याचं नाव परिवलन गतिकी, म्हणजे गोल फिरणाऱ्या वस्तूंचा धडा. पुरा करून घेतला आणि शेवटी नेहमीसारखा गजर केला. व्यंकटरमणाऽ... गोविंऽदा! मग रोजचंच झालं. ती खडू खाली ठेवायची आणि स्वतःच म्हणायची, "बोला, व्यंकटरमणा!" तोवर बाया काही हलत नव्हत्या.

शंकाही विचारायच्या. एकदा तिने जात्याचं उदाहरण दिलं. सत्यभामाबाईंनी अडवलं, "दोन जाते सारख्याच वजनाचे, मंग रुंद जातं फिरवाले जड काऊन जाते?"

"काकू, वजन मधल्या खिळीपासून जितकं लांब, तितकं फिरवायला जड."

"हाव, बरोबर हाय. माही थोरली सून पुण्याले गेली, तवापासून तिले हालवणं लय जड जाऊन राह्यलं."

सगळ्या हसल्या. मला काही हसू आलं नाही.

अध्यक्ष महाराज, इथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. ही मी सुनबाईलाही अजून सांगितलेली नाही. पुष्पांजली, तू तो हार काढू नकोस, नीट बस.

पोथीला मोबाइल चालत नाही, म्हणून सगळ्यांचे मोबाइल माझ्या पिशवीत असतात. सातव्या दिवशी हिचा वाजला. मी बाहेर जाऊन उचलला. क्लासवाले होते, होकार मागत होते. मी म्हटलं, "ती पोथीला बसली आहे, मध्ये उठता येत नाही." यात खोटं काय आहे? दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, पुन्हा तेच उत्तर. असं रोज चाललं. पाचव्या फोनला ते गृहस्थ वैतागले. "किती दिवस चालणार आहे ही पोथी?"

"एकवीस."

"मग आम्ही दुसरं कोणी बघतो."

मी म्हटलं, "बघा."

आणि फोनमधली नोंद पुसून टाकली. ते आम्हाला बचत गटाच्या प्रशिक्षणात शिकवलं होतं.

त्यानंतर मात्र झोप उडाली. तिला वाटत होतं, इथे नाही तर तिथे आहेच. तिथलं मी घालवून बसले होते! आता इथलंही गेलं तर? पाठाच्या दिवशी मी सकाळपासून बालाजीपुढे बसून होते. काय मागायचं तेही सुचेना. माझ्या लबाडीपायी हिचं नुकसान होऊ देऊ नको, एवढंच म्हणत राहिले.

पुढचं अध्यक्षांच्याच तोंडून ऐकलंय. पाठ रंगला, सूत्र अर्धं झालं आणि बाहेरगावचे तज्ज्ञ म्हणाले, "थांबा मॅडम, वेळ संपली." हिने हात जोडून काय सांगावं? "सर, अध्याय अर्धा ठेवता येत नाही." आणि फळ्याकडे वळली! सूत्र पुरं केलं, खडू ठेवला, आणि सवयीने तोंडातून गेलंच, "बोला, व्यंकटरमणाऽ!" पोरं आपल्याच गावची. साठ जणांनी हात वर करून "गोविंऽदा!" म्हटलं. समितीतूनही एक आवाज मोठा आला. कोणाचा, ते मी सांगणार नाही. अध्यक्ष महाराज, तुम्ही खाली बघू नका.

तज्ज्ञांनी चष्मा काढला. "हे प्रत्येक तासाला होतं का?"

उकंडराव म्हणाले, "हो, आमच्याकडे प्रथाच आहे."

तोवर अशी कुठलीही प्रथा नव्हती, हे मी या ठिकाणी नम्रपणे नमूद करते. तज्ज्ञांनी मागच्या बाकावरच्या धम्मशीलाला उठवलं. "काय समजलं, सांग." पोरीने हवेत एक अरुंद, एक रुंद जातं फिरवून सगळा धडा सांगितला. साहेबांनी कागदावर लिहिलं, वर्गाचा सहभाग उत्तम.

तीन दिवसांनी नेमणुकीचा कागद आला. मी पेढे वाटले, पण घास काही गोड लागेना.

परवा हिच्या मोबाइलवर क्लासवाल्यांचा पुन्हा फोन आला. त्यांचे नवे सर सोडून गेले म्हणे. माझे हात कणकेत होते. तसाच दोन बोटांत फोन धरून गच्चीवर पळत गेले आणि हिच्या हातात दिला. ती चार-पाच मिनिटं बोलली. मी खाली आले. काय बोलणं झालं, विचारायचा मला हक्कच नव्हता. आज सकाळी तिने शाळेच्या ग्रुपवर निरोप टाकला, बारावीचा जादा तास सोमवारपासून सात वाजता. गोकुळने वाचून दाखवला, तेव्हा मला कळलं. सातच्या तासाला डबा साडेसहाला लागतो. मी करीन.

आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मंडळाने मला बोलायला दिलं, त्याबद्दल आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभेने पोटात घालावं. फोनाचं तेवढं सभेकडे मागत नाही. ते पुष्पांजलीने घालावं, तिला वाटेल तेव्हा.