मुरलीधराची दुपारची झोप

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभी आहे. देव निजला असेल आणि दारात कुणी तळमळत असेल, तर देवाला उठवावं का? हसताय? हसा. उत्तराची घाई नको, आधी ऐका.

चंद्रपूरकडचं एक गाव. वैशाख. पारा सत्तेचाळीसवर. पूर आला की दिसतो, वादळ आलं की ऐकू येतं. उन्हाच्या लाटेला आवाजच नसतो. इथे काय नि सातासमुद्रापलीकडे काय, ती घराघरातून माणसं गुपचूप उचलून नेते.

गावात मुरलीधराचं दगडी देऊळ. जाड भिंती, आत गारवा. देवाला चंदनाची उटी, अंगावर मलमलीचं ओलं पांघरूण, समोर पंखा. बारा ते चार दार बंद – देव निजलेला! पुजारी दिगंबरपंत इतके काटेकोर, की त्या वेळात शिंकसुद्धा उपरण्यात दाबायचे.

एका दुपारी देवळालगतच्या पंतांच्या घरावर थाप पडली. दारात झाडू विकणारी यमुना, आणि तिच्या खांद्यावर रेललेला तिचा नवरा, सुकरू.

"महाराज, याईले देवळात घ्या नं जी. घाम येनं बंद झालं. मेलेल्या बैलाले हाका मारून राह्यले."

ऐकलंत? घाम थांबला. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. तोच थांबला की शरीर आतून तापत जातं, मेंदू भरकटतो. मग माणूस फार वेळ टिकत नाही.

पंत म्हणाले, "चारला ये बाई. देव निजलाय. तोवर देवळाच्या पडवीत बसव त्याला."

पडवीवर पत्रा. म्हणजे भट्टीच की!

मागून पंतांच्या पत्नी वत्सलाबाई आल्या. त्यांनी सुकरूच्या कपाळाला हात लावला.

"अहो, देवळाचं दार उघडा."

"अगं, देवाची झोपमोड होईल."

"होऊ दे. तुम्हाला ताप आला की मी झोपते का?"

"मी तुझा नवरा आहे."

"आणि हा यमुनेचा आहे."

पंतांनी देवळाच्या कुलपात किल्ली फिरवली. आणि मंडळी, हा माणूस काय करतो? एका हातानं सुकरूला आधार देतो, दुसऱ्या हातानं घंटेचा लोलक घट्ट धरून ठेवतो. वाजू नये म्हणून!

गार फरशीवर सुकरूला निजवलं. पंतांनी दवाखान्याच्या गाडीसाठी फोन केला. वत्सलाबाईंनी तांब्या त्याच्या तोंडाशी नेला, तर यमुनेनं अडवलं. "शुद्ध नाही जी, पानी छातीत जाईन." शाबास यमुने! मग ते पाणी अंगावर ओतलं. काखेत, मानेला ओली फडकी ठेवली. फडकी पुरेनात.

पंत गाभाऱ्यात गेले. देवावरचं पांघरूण हलकेच काढलं. "थोडं सोसा, महाराज," म्हणाले. ते पांघरूण सुकरूला गुंडाळलं, पंखाही त्याच्याकडे फिरवला.

गाडी यायच्या आत सुकरूनं डोळे उघडले.

"यमे, हे पांघरून कोनाचं?"

"देवाचं."

"मंग त्याले काय पांघरलं?"

यमुना पंतांकडे बघते. पंत खाली बसले, सुकरूच्या पायावरून हात फिरवत म्हणाले, "त्याला उकडत होतं रे. तूच घे."

सुकरू वाचला. मुरलीधर अजूनही दुपारी निजतो. दार मात्र उघडं असतं.

आता तुमच्याकडे वळते. आपल्या गावात भर दुपारी सर्वांत गार जागा कोणती? देऊळ? शाळा? समाजमंदिर? तिला कुलूप असतं का? किल्ली कुणाच्या कमरेला आहे? इथेच बसला असाल, लाजू नका. आरतीला उभे राहण्याआधी मला एवढं सांगा – उद्या बारा वाजता उघडाल ना?