माझ्याच मापाची टोपी

आमचं गाव शिरपूरजवळ, बाप शिंपी, मीही शिंपी, आणि मी जन्माचा भित्रा, ते आधीच सांगून टाकतो. पण काय सांगू तुम्हाला, हे भेव मी कुठून उसनं आणलेलं नाही. आमच्या गावात माणूस गेलं की सुतक फिटायच्या, गंधमुक्तीच्या दिवशी चारचौघांत पांढरी टोपी घालतात, मुलगा असला तर मुलाला, नसला तर मेलेल्याचं घर-शेत जो वाटून देईल त्याला. टोपी एकदा डोक्यावर बसली की नाही म्हणायची सोय नाही. माझ्या बापानं अशी एक टोपी घातली. मेलेल्याचे भाऊबंद वाटणीवरून भांडले, आमची कडब्याची गंज पेटवली, बैल होरपळून मेला, बाप मरेपर्यंत धुळ्याच्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिला. तो बैल कसा ओरडत व्हता ते मला आजही ऐकू येतं.

मगननाना आमचे शेजारी, मला थोरल्या भावासारखे. पोरबाळ नाही, दोन खोल्या, विहिरीजवळचा एक तुकडा, बायको सुमनअक्का, आणि दोन पुतणे, ज्यांना बठ्ठा गाव वचकून. नाना गेले तेव्हा गावात नुकताच टीव्ही आला व्हता. थोरला पुतण्या माझ्या दुकानात आला, म्हणाला टोपी शिवा. मी विचारलं माप कोणाचं, तर म्हणे तुमच्याच डोक्याचं धरा, काकानं वकिलाकडं वाटणी करायला तुमचंच नाव लिहून ठेवलंय, तेव्हा नीट करा बरं का, आणि माझी कात्री उचलून पाहिली, ठेवली. बस, एवढंच. मी तसाच वकिलाकडं गेलो.

वकील म्हणाला नको असेल तर कोर्टात तसं लिहून द्या. पण गावाचं कोर्ट वेगळं. आणि टोपी तर शिवावीच लागणार, शिंप्यानं मयताचं काम परत पाठवू नये. बायको म्हणाली, लहान शिवा, बसणारच नाही. हसू नका, मी खरंच दोन बोटं लहान शिवली.

गंधमुक्तीला पुतण्यानं ती माझ्या डोक्यावर ठेवली, बसेना, तर दाबायला लागला. मी दोन्ही हातांनी टोपी काढली आणि म्हणालो, माले हाई टोपी नको. पुतण्या नुसता पाहत राहिला, मला वाटलं आज रात्री आपलं घर पेटणार.

तेवढ्यात आतून सुमनअक्का आली. म्हणाली, भाऊ, भेव तं माले बी वाटस, पण हाई मनं घर शे, मी कोठे जाऊ, द्या ती टोपी इकडे. पदर मागं सारून तिनं ती घातली, आणि तिला बरोबर बसली. बाईमाणसानं टोपी घातलेली गावानं कधी पाहिली नव्हती, पुतणे अडवायचेही विसरले.

कोर्टात मी नको म्हणून लिहून दिलं, तिनं मी करते म्हणून. तिचीही गंज पेटली एकदा. तिनं विझवली, पुन्हा रचली.

आता मला सुईत दोरा ओवता येत नाही, माझी पोरं वाटणीवरून आतापासूनच एकमेकांशी बोलत नाहीत. परवा अक्काला म्हटलं, रीत मुलाला टोपी घालायची असली तरी माझ्यामागं माझ्या घराची वाटणी तूच करून दे. ती म्हणाली, मंग मना डोकानं माप लिसन ठेवा. मी टेप काढला, तिच्या डोक्याभोवती धरला आणि माप वहीत लिहून ठेवलं. देव माझं उरलेलं आयुष्य तिला देवो.